खाडीपलीकडची घंटा

दहाच्या ठोक्याला देशातल्या साऱ्या शाळांची दारं आपोआप लागली, तेव्हा खाडीपलीकडच्या शाळेत एकही मूल नव्हतं. पाणी चढायच्या आधीच येऊन बसलेली शाळा समितीची अध्यक्ष चांगुणा तांडेल तेवढी होती, मांडीवर कोयता घेऊन.

“सर्व मुलं गैरहजर,” भिंतीवरच्या पडद्यातले गुरुजी म्हणाले. राजधानीतून हेच एक गुरुजी अख्ख्या देशाला शिकवत.

“पोरं पलीकडं उभी आहेत. वाट भरतीखाली गेलीय. आम्ही तिथी बघून, पाणी उतरलं की शाळा भरवायचो. काल तुमच्या हजेरीपायी माझी नात गळ्याएवढ्या पाण्यात शिरली. जाळं टाकून ओढली तिला.”

“खेद आहे. पण शाळेची वेळ बदलण्याचा अधिकार गावाला नाही.”

“मग समुद्राला नोटीस धाडा!”

चांगुणा उठली आणि तिनं कोयत्यानं दाराचं विजेचं कुलूप उखडून काढलं. मग होडीवरची पितळी घंटा चौकटीला टांगली.

“हा गुन्हा आहे.”

“असू दे. पोरगी जिवंत आहे.”

दुपारी पाणी उतरलं तशी तिनं घंटा बडवली. चपला हातात घेऊन, चिखल तुडवत पोरं आली. “शाळा बंद आहे,” गुरुजी बजावत राहिले. पोरांनी त्यांच्या आवाजावर आवाज चढवून पाढे सुरू केले.

अर्धा पाढा झाला असेल, चांगुणानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथं ओहोटी जरा उशिरानं लागते, तिथं दुसऱ्या गावाच्या शाळेची घंटा वाजत होती.