कपाटामागची खोली

स्वयंपाकघरातलं सिंक थेट बाल्कनीत जाऊन बसलं होतं. बाथरूमचं दार भिंतीत उघडत होतं आणि जिन्याच्या पायऱ्यांचा पत्ताच नव्हता.

"हे घर आहे की भुलभुलैया?" दादा फोनवर हसत होता. तिने पाठवलेला नकाशा त्याने ऑफिसात उघडला होता.

"तुझ्या ऑफिसचा प्रोग्रॅमच नाठाळ आहे," ती म्हणाली. "माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सगळं जागच्या जागी दिसतंय. तुझ्या प्रोग्रॅमसाठी एक्स्पोर्ट केलं की उलटंपालटं होतं. दारं तर कडीकोयंड्यासकट हमखास पलटतात, आतली बाजू बाहेर. थांब, मी तुझ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून एकेक सरळ करते."

दादा घरं बांधायचा, ती नकाशे काढायची. हे घर मात्र तिचं स्वतःचं होतं. तिचं आणि तिच्या लेकीचं, ठमीचं. ते बांधून होईतोवर दोघी मैत्रिणीकडे एका खोलीत राहत होत्या, दिवसासुद्धा पडदे ओढून. नवरा त्यांना शोधत होता.

तो मारायचा नाही. लोक तेवढंच विचारायचे, आणि नाही म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. तो फक्त कामाला निघताना दोघींना आत ठेवून बाहेरून कडी घालायचा. कधी संध्याकाळी उघडायचा, कधी दुसऱ्या दिवशी. एकदा घाईत कडी नीट बसली नाही आणि ती ठमीला कडेवर घेऊन निघाली, ती निघालीच. पण अजूनही कुठे कडी सरकल्याचा आवाज आला की ती ठमीला जवळ ओढायची.

म्हणून या घरात तिने एक खोली जास्तीची काढली होती. झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या पाठीमागे, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. हवेला एक झरोका, आणि दाराला आतून जाडजूड कडी. तो आलाच तर आत शिरायचं, कडी लावायची आणि दादाला फोन करायचा. आयुष्यात पहिल्यांदा कडी तिच्या हातात असणार होती.

ही खोली तिने वेगळ्या लेयरवर काढली होती. नकाशावर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा तो लेयर. झाकला की कुणाला दिसत नाही. ऑफिसातल्या चार माणसांच्या नजरेला पडायला नको, म्हणून तिने तो बंदच ठेवला होता. दादाला घोर नको म्हणून त्यालाही ती कागदपत्रं आणि किडूकमिडूक ठेवायची खोली म्हणूनच सांगितली होती.

दुपारभर बसून तिने पडद्यावर दिसणारं प्रत्येक दार तपासलं, पलटलेलं सरळ केलं. सिंकही बाल्कनीतून घरात आणलं.

काम सुरू झालं, पण ती तिकडे फिरकली नाही. नवरा दादावर पाळत ठेवून असेल ही धास्ती होती. कपाटामागचा लेयर दादाने फक्त सुतारमामांसाठी उघडून छापून दिला. मामा हाताने कसबी, पण मागे एका घरात त्यांनी स्वतःचं डोकं चालवून खिडकीच हलवली होती.

"ताई, त्या छोट्या दाराचं विचारायचं होतं," एक दिवस मामांचा फोन आला. "कडी आहे ना..."

"मामा, नकाशात आहे तशीच बसवा. तिथे तरी डोकं चालवू नका."

"बरं बाई. घर तुमचं."

दोघी राहायला आल्या तेव्हा घराला ताज्या रंगाचा वास होता. दादाने तिचे कपडे कपाटात लावूनही टाकले होते.

"कडी बघितलीस?" तिने आधी तेच विचारलं.

"सरकवून दार हलवून पाहिलं. हत्तीच्या बापाला हलायचं नाही," दादा म्हणाला. "उरलेलं सामान घेऊन येतो. तूही बघून घे."

"ठमीचं खाणं झालं की बघते."

ठमी ओट्यावर बसून आईच्या फोनवर कार्टून बघत एकेक घास गिळत होती. दादाची गाडी वळून गेली. थोड्या वेळाने फाटक वाजलं. दादा काहीतरी विसरला असेल, म्हणून तिने खिडकीतून पाहिलं.

तो होता. दादाच्या मागावरच आला असणार.

 तिने ठमीला उचललं, झोपायच्या खोलीत धावली, कपाटातले कपडे बाजूला सारले. मागचं दार ढकललं तर हलेना. तिने काढलं होतं आत उघडणारं; हे पुढे, कपड्यांकडे उघडत होतं. तिने ते कसंबसं ओढलं, आत शिरली, दार लावून घेतलं. पुढच्या खोलीत काच फुटली.

"आई, माझं कार्टून," ठमी म्हणाली. तिने लेकीच्या तोंडावर हात ठेवला. फोन ओट्यावरच राहिला होता.

अंधारात तिने कडीसाठी हात फिरवला. गुळगुळीत लाकूड. वर, खाली, पुन्हा वर. बोटांना काहीतरी टोचलं. पलीकडून पिळलेल्या स्क्रूंची टोकं होती, ओळीत.

कार्टूनचं गाणं बंद झालं. पावलं खोलीत आली. हँगर एका बाजूला सरकले. मग दारावरून बोटं फिरल्याचा आवाज.

"अरे वा," तो दारापलीकडून हळूच म्हणाला, "कडीसुद्धा तयार ठेवलीस." आणि कडी सरकली.