तिसरा टब

प्रेरणाने तिसऱ्या टबातला रोहू पुन्हा हातात घेतला आणि खवल्यांवरून भिंग फिरवलं. माशांच्या अंगाला चिकटणारी ऊ एकही नाही. परवा याच माशाच्या अंगावर तिने बावीस मोजल्या होत्या.

पहिल्या दोन टबांत लवंगेचं तेल होतं, तिथल्या उवा जायलाच हव्या होत्या. तिसऱ्यात मुद्दाम काही टाकलं नव्हतं. औषधाविनाच उवा जात असतील, तर तेलाने केलं काय? दोन वर्षांचं संशोधन, आणि सोमवारी संभाजीनगरहून मार्गदर्शक सर बघायला येणार. ती शेततळ्याभोवती उगाच दोन चकरा मारून आली, बसली, पुन्हा मोजू लागली. मेलं भिंगच खोटं निघावं, असं तिला वाटून गेलं.

शेताची मालकीण चतुराबाई पेंडीचं घमेलं घेऊन आली. तिच्या हातांना लवंगेचा वास होता.

"मावशी, या टबात काही टाकलंत?"

"व्हय. ते दोन टब औषध पिऊन गपगार, अन् हे बिचारे अंग घासू घासू बेजार. माझ्यानं बघवलं नाय. तुझ्याच बाटलीतलं टाकलं, मापानं."

"याला द्यायचं नाही, असं सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं व्हतं. पर यानं काय गुन्हा केला, ते नाय सांगितलं."

प्रेरणाला हसावं की रडावं कळेना. तेल लागू पडलं होतं, तिन्ही टबांत. आणि म्हणूनच आता ते कुणाला पटवून देता येणार नव्हतं; तुलनेला बिनऔषधाचा टबच उरला नव्हता.

तिने तिन्ही टब रिकामे करून ताजं पाणी भरलं आणि तळ्यात जाळं टाकून उवा लागलेले नवे मासे त्यांत सोडले. मग पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे जाऊन तीन सारख्या बाटल्या भरल्या. तिसरीत नुसतं पाणी.

"आता तुम्हीच टाका, मावशी. तिघांनाही."

चतुराबाईचा चेहरा खुलला. तिने पहिली बाटली ओतली, दुसरी ओतली. तिसरीचं बूच काढून ती सवयीने नाकाशी नेली आणि थांबली. प्रेरणा खाली मान घालून जाळं झटकत राहिली.

"सोमवारपर्यंत कळ काढा रे," चतुराबाई माशांना म्हणाली, आणि बाटलीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत टबात ओतलं.