कोनाड्याचं माप

मिनी, एअर, प्रो, प्रो प्लस! दुकानातले नऊ टॅबलेट बघून हेमांगीचं डोकं भणभणलं. "फरक साइजचाच असणार," म्हणत तिने वीत लावली आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात मावेल असा मिनी उचलला. पोटाच्या कॅन्सरने तिचे वडील, अण्णा, गेले, त्याच्या तासभर आधी डॉक्टरांनी त्यांचं मन त्या मिनीत उतरवलं.

तेराव्याला तिने तो सुरू केला.

"हेमे, पोट फाटतंय गं!" अण्णा आतून किंचाळले.

तिने घाबरून कंपनीला फोन लावला.

"दुखणं काढायची सोय एअरपासून पुढे आहे, मॅडम," तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली. "आता बदलून मिळणार नाही."

"मग बंदच करते."

"बंद केलात तर फक्त आवाज बंद होतो."

बाहेर पाहुणे पानांवर बसले होते. अण्णा कोनाड्यात अगदी मापात बसले. हेमांगीने हार घातला आणि बटण दाबलं.