भोकराची फांदी

माझी नात स्नेहल राहुरीजवळच्या वृक्षसंग्रहालयात संशोधन करते. तिने मला एक भोकर दाखवलं. "आजी, तुझ्या शेतातल्या तोडलेल्या भोकराच्या फुटव्यापासून वाढवलंय हे."

माझी चार महिन्यांची बनू गेल्यावर मी त्या भोकराखालून उठत नव्हते. सुगीत हात कमी पडतात, म्हणून ह्यांनी झाडच तोडलं.

बनूच्या झोळीच्या दोरीने त्या जुन्या झाडाच्या खालच्या फांदीला खोल घासा पडला होता. या नव्या झाडावरही होता, अगदी तिथेच.

"इथं कुणी झोळी बांधली होती?"

"काहीतरीच काय! कुंपण आहे की."

वारा नव्हता. तरी तेवढीच फांदी संथपणे हलू लागली.

"आजी, झोका दिल्यासारखा हात का हलवतेस?"

मी हात आवरला. फांदीही थांबली.

स्नेहल दचकली. "कुणाचं बाळ रडतंय गं?"