बावखलातली कबर

कबरीत पाणी भरलं होतं.

पीटरने सकाळी खड्डा खणला तेव्हा तळाशी नुसती ओल होती. अंत्यविधीची मिस्सा आटोपून बेटीची शवपेटी चर्चमधून येईपर्यंत पाणी मांडीभर चढलं. मे महिना होता. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या.

"पंप लाव," बेटीचा मुलगा सॅन्टन म्हणाला.

पंप लावला. उपसलं तेवढं पाणी पुन्हा आलं. गार आणि काळं.

गेल्या वर्षापर्यंत इथे बावखल होतं, वाड्यांना पाणी देणारं जुनं तळं. दफनभूमी अपुरी पडू लागली तेव्हा सॅन्टननेच पुढाकार घेऊन ते बुजवलं. फादर ग्लेन शेवटपर्यंत नको म्हणत होते. बेटी रोज संध्याकाळी काठावर येऊन क्रुसाची खूण करायची. "आये, पाण्यापुढं कसले हात जोडतेस? आपण मूर्तिपूजक आहोत का?" असं सॅन्टन तिच्यावर ओरडायचा. भराव टाकलेल्या जागेतली पहिली कबर तिचीच.

फादर त्याच्याजवळ गेले. "सॅन्टनकाका, जुन्या भागात तुमच्या बाबांची कबर उघडून त्यातच ठेवू त्यांना. इथे नको."

"म्हणजे तुमचंच खरं झालं म्हणायचं."

"तसं नाही हो."

"देवाने आदामला सांगितलंय, पृथ्वी सत्तेखाली आणा."

"बाग राखायलाही सांगितलंय. पुढच्याच अध्यायात."

"पाण्यात देव नसतो, फादर!"

"नसतो. पण पाणी देवाचं असतं."

बहिणीने सॅन्टनचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला.

"उतरवा."

दोर सैल सुटले. पेटी पाण्याला टेकली आणि तिथेच राहिली. मग हळूच फिरली, कडेला जाऊन धडकली. कुणीतरी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आवाज बसला.

सॅन्टनने बूट काढले आणि तो कबरीत उतरला. दोन्ही तळवे पेटीवर रोवून त्याने अंगाचा सगळा भार टाकला. पेटी खाली गेली. फटींतून बुडबुडे आले. वाकलेल्या त्याच्या छातीला पाणी लागलं.

"माती टाका," तो म्हणाला.

पीटरने फावडं उचललं आणि फादरांकडे बघितलं. कुणीच हललं नाही.

"टाका ना लवकर," सॅन्टन वर न बघता म्हणाला. "हात काढला की ती वर येते."