बाळ येण्याआधी

"म्हणजे येशूच्या जन्माचं भाकीत ज्यानं केलं, त्याला ते बाळ दिसलंच नाही?" वैजयंतानं विचारलं.

"अगं, सातशे वर्षं कोण जगतं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि चर्चच्या तरुण संघात हशा पिकला. सुवार्ताचा चेहरा उतरला. होस्टेलच्या ह्या मैत्रिणीला तिनं पहिल्यांदाच इथं आणलं होतं. आता ही परत कशाला येते?

वैजयंता मात्र धडा शिकवणाऱ्या उजागरे गुरुजींकडेच बघत होती. "आईला अकरा वर्षं मूल नव्हतं. तरी आजीनं नातवंडासाठी दुपटं शिवून ठेवलं. शेजारणी ह्यांच्यासारख्याच हसायच्या. आजी गेली, आणि दोन वर्षांनी मी झाले. त्याच दुपट्यात गुंडाळून मला घरी आणलं."

गुरुजी खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"चाळीस वर्षं हा धडा शिकवतोय, पोरी. इतका सोपा करून मला कधी सांगता आला नाही. नाताळला आमच्या लहान मुलांना हे सांगशील?"

"मी? पण मी तुमच्यातली नाही."

"दुपट्यातलं बाळ तर होतीस ना?"

वैजयंता हसून सुवार्ताकडे वळली. "नाताळला किती वाजता निघायचं गं?"

सुवार्तानं आधी मनोमन देवाचे आभार मानले. मग म्हणाली, "साडेआठला. पण आंघोळीचा नंबर पहिला माझा."