कानामागची चकती

"चालू कर तिचं रडणं, एकदाच! बाप वर्षभरासाठी बोटीवर चाललाय अन् पोरगी खुशाल बिस्किट खातेय!" दिगंबर ओरडला.

"तीन वर्षांपूर्वी बंद कोणी केलं होतं? तुमचीच झोपमोड व्हायची ना?" बायको, कल्याणी, फणकारली.

त्याने स्वतःच पाच वर्षांच्या रेवाच्या कानामागची चकती फिरवली. आता ती गळ्यात पडेल, असं त्याला वाटलं.

पण तीन वर्षांत खाल्लेला प्रत्येक फटका आत्ताच बसल्यासारखी रेवा किंचाळली आणि आईमागे लपली. त्याने हात पुढे केला, तशी तिची चड्डी ओली झाली.

"पप्पा, नका ना मारू! मी नाही रडणार!"

दिगंबरने बॅग उचलली.

"बंद कर तिला," तो कल्याणीला म्हणाला. "मला निघायचंय आता."